काळ्या चौकटीतला फोल्डर

नेवेनाने चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला आणि कागदाचा चौथा कोपरा काचेच्या दारावर अंगठ्याने घट्ट दाबला. पोटाशी बांधलेल्या झोळीत तिची तान्ही बिलियाना झोपली होती. नेवेनाने सवयीने मान खाली घालून तिचा श्वास ऐकला आणि मग मागे सरून कागद बघितला. काळी चौकट जाड आली होती. छापणाऱ्याने दोनदा विचारलं होतं, 'फोटो नाही?' नाही, असं तिने दोन्ही वेळा सांगितलं होतं.

जिना पुसणाऱ्या जेचकामावशी बादली घेऊन बाहेर आल्या.

"अरे देवा! कोण गेलं गं?"

"वाचा ना, मावशी."

मावशींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि शोकपत्रक मोठ्याने वाचलं, जसं या शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्या वाचतात.

"'आई' नावाचा फोल्डर. दोन हजार तीनशे बारा फोटो, एकोणीस ध्वनिमुद्रणं. अकरा मार्चला संपला. प्रोग्रॅमर प्लामेन गाजेव यांच्या हातून." त्या थांबल्या. "आपला वरचा प्लामेन? आणि हे काय, संगणकातल्या वस्तूला शोकपत्रक? माणूस कुठाय यात?"

"माझी आई होती त्यात."

मावशींनी छातीवर क्रुसाची खूण केली. मग फडका पिळला आणि काच पुसायला घेतली, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. कागदाला मात्र फडका लागू दिला नाही. स्तारा झागोरा शहरात शोकपत्रक कुणी फाडत नाही. दारांवर, रस्त्याकडेच्या झाडांवर ती पिवळी पडत राहतात आणि शेवटी पाऊस त्यांना नेतो. प्लामेनच्या इमारतीच्या या दारावर पत्र्याचं छप्पर होतं. पाऊस तिथवर पोचत नव्हता. नेवेनाने हे आदल्याच दिवशी येऊन बघून ठेवलं होतं.

प्रकार एवढासाच होता. फोन भरला म्हणून तिने आईचं सगळं संगणकावर हलवलं. फोटो लावून ठेवणारा एक साधा प्रोग्रॅम घेतला. प्रोग्रॅमने विचारलं, जागा कुठली? तिला वाटलं, फोटो कुठे आहेत ते विचारतोय. तिने 'आई' निवडलं आणि प्रोग्रॅम तिथेच जाऊन बसला. महिनाभराने नकोसा झाला म्हणून तिने तो काढून टाकला. जाताना तो आपलं तेवढं घेऊन गेला नाही, बसला होता ते घरच घेऊन गेला. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा काही उरलं नाही. दुरुस्तीवाल्याने चार दिवस ठेवून घेतला आणि मान हलवून संगणक परत दिला.

बिलियाना तीन आठवड्यांची असताना आई गेली. त्या तीन आठवड्यांत ती नातीला मांडीवर घेऊन जे काही गुणगुणली, ते त्या एकोणीस तुकड्यांत होतं. आता मुलीला आजीचा आवाज कधीच कळणार नव्हता.

तिने कंपनीला लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं: 'जागा आपण स्वतः निवडली होती.' खाली नाव होतं, प्लामेन गाजेव. तिने ती ओळ इतक्यांदा वाचली की बाळाला पाजतानाही ती डोळ्यांपुढे असायची.

इथे मेलेल्याचं पत्रक चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा लावतात. चाळिसाव्या दिवशी ती दुसरं पत्रक घेऊन आली, तेव्हा दारापाशी एक माणूस उभा होता. वाढलेली दाढी, काखेत लॅपटॉप.

"तुम्हीच ना त्या? मावशी म्हणाल्या, आज याल. चाळीस दिवस भरतात म्हणून."

"आणि तुम्ही गाजेव."

"माझ्या आईला एकवीस फोन आले, बाई. लोक बाकीचं वाचतच नाहीत. काळ्या चौकटीत माझं नाव दिसलं की झालं. एक शेजारीण तर माझ्या नावाने श्राद्धाचे गहू उकडून दारात उभी. आई म्हणाली, मेला नाहीस तर तुझं नाव तिथे कशाला?"

"मग काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. दोन दिवस जेवायला वाढलं नाही तिने."

"दोनच?"

तो दाराशेजारच्या बाकावर बसला.

"चूक दुरुस्त केली आहे. आता प्रोग्रॅम स्वतः काय काय ठेवलं त्याची यादी करतो. जाताना यादीतलं तेवढंच उचलतो. बाकी कशाला हात लावत नाही."

"आधी का लावत होता?"

"आम्ही कोऱ्या संगणकावर तपासायचो." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्यात आमच्याशिवाय कुणाचं काही नसायचंच. सगळं गेलं की म्हणायचो, वा, स्वच्छ निघाला."

"स्वच्छ," नेवेना म्हणाली. झोळीतल्या मुलीची टोपी तिने उगाच सारखी केली. "दाखवा."

"इथे?"

"इथेच. तुमचे स्वतःचे फोटो आहेत ना यात? त्यांच्यात बसवा आणि काढा."

त्याने आपल्या मुलीचा फोल्डर उघडला. 'कालिना'. दात पडलेली एक मुलगी पडदाभर हसत होती. त्याने प्रोग्रॅम तिथे बसवला. मग त्याचा हात खिशातल्या पेनड्राइव्हकडे गेला.

"एक मिनिट. आधी प्रत काढून घेतो."

"माझ्याकडे होती प्रत?"

हात खिशापाशीच थांबला. रस्त्यावरून ट्रॉलीबस गेली. त्याने लॅपटॉप मांडीवर नीट घेतला, 'काढून टाका'वर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. नेवेना त्याच्या बोटाकडे बघत होती. त्याने दाबलं.

हिरवी पट्टी भरली आणि गेली. फोल्डर उघडला. तट्टावर बसलेली कालिना, तापात झोपलेली कालिना, कुणा म्हातारीच्या मांडीवरची कालिना. त्याने आकडा बघितला, आठशे सेहेचाळीस. पुन्हा बघितला. मग तळहाताने तोंड पुसलं.

"सगळे आहेत," तो म्हणाला. 

आता बरं वाटेल, असं नेवेना चाळीस दिवस धरून चालली होती. ती वाकली आणि यादी पार खालपर्यंत स्वतः बघून आली. खरंच सगळे होते. एक तरी जायला हवा होता.

"यापुढे कुणाचं जाणार नाही," प्लामेन म्हणाला. "मग आता हे काढाल ना दारावरून?"

तिने पिशवीतून नवा कागद काढला. त्यावरही त्याचं नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात होतं.

"सहा महिन्यांनीही येईन. आणि वर्ष भरल्यावरही."

बिलियाना जागी झाली होती. तिने कागदाची कड मुठीत धरली. नेवेनाने एका हाताने मूठ सोडवली, दुसऱ्या हाताने कागद दारावर धरला; वाऱ्याने तो उलटा वळला. तिने पुन्हा धरला. पुन्हा वळला.

प्लामेन थोडा वेळ बघत राहिला. मग लॅपटॉप बाकावर ठेवून उठला आणि त्याने कागदाचे वरचे दोन्ही कोपरे काचेवर दाबून धरले.

नेवेना दोन पावलं मागे सरली.

"डावीकडून थोडं वर," ती म्हणाली.

त्याने थोडं वर घेतलं.