वाजवून पाहिलेलं घर

"तिन्हींतली कुठली घेऊ, काका?" ताईंनी विचारलं आणि माझा छापील कागद उलटून पाहिला, जणू खरं उत्तर मागच्या बाजूला असावं.

घर विकत घेण्याआधी ते तपासून देणं हा माझा धंदा. चौतीस वर्षं झाली. कागदावर तपासणीचे तीन प्रकार आहेत. पहिली नजरेची: घरभर फिरायचं, दिसेल ते लिहून द्यायचं. दुसरीत मी छपरावर चढतो, नळ-गटारं पाहतो, भिंतींना ओळंबा लावतो. तिसरी पूर्ण. तिच्यात प्रत्येक भिंत लहान हातोडीनं वाजवायची, हातभर अंतरानं, वरपासून खालपर्यंत. गिलावा विटेला धरून असेल तर आवाज भरीव येतो, सुटला असेल तर पोकळ. रंग डोळ्यांना फसवतो, कानांना फसवू शकत नाही. या वाजवण्यावरूनच मला सगळे टकटककाका म्हणतात. तोंडावर तरी आदरानं म्हणतात, मागचं मला माहीत नाही.

ताई शाळेची बस चालवतात. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना त्यांच्या त्यांच्या दारात उतरवलं, आता स्वतःचं दार हवं होतं. राहायला भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर. सोबत आई होती, गुडघे धरून बसलेली. वर्षभरात ती पाचव्यांदा जिना उतरली होती, आणि आधीच्या चार वेळा दवाखान्यासाठी.

"नजरेची घेतली तर नाही का भागणार?" ताई म्हणाल्या. "नुकतंच रंगवलंय हो घर. छान दिसतंय."

"अगं, मडकं घेताना माणूस चारदा वाजवून बघतं," म्हातारी मोठ्यानं म्हणाली. "आणि तू घर नुसतं बघून घेणार?"

तिसरी ठरली. मी वहीत लिहून घेतलं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

माझे कान वर्षभरापासून दगा देत होते. आधी उकळत्या पाण्याचा आवाज गेला, मग दाराची घंटा गेली. बायको बोलण्याआधी माझ्या कोपराला हात लावायला लागली. "कान दाखवून या," असं तिनं शंभरदा म्हटलं असेल आणि "तुझाच आवाज बारीक झालाय," असं मी शंभरदा ऐकवलं असेल. लोकांच्या घरातले तडे शोधण्यात जन्म गेला माझा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते काही उगाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी हातोडी जरा जोरात मारायला लागलो. डावा तळवा भिंतीला टेकवून थरथर जोखायला लागलो. बहुतेक वेळा जमायचं. एकदा नाही जमलं. मी ठीक म्हणून लिहून दिलेल्या एका स्वयंपाकघरात तीन महिन्यांनी ताटाएवढा गिलावा ओट्यावर कोसळला. तेव्हा तिथं कोणी नव्हतं, एवढंच नशीब. मी जाऊन माफी मागितली, जुन्या बांधकामाला दोष दिला, गवंडी लावून दिला. कानांचा विषय काढला नाही.

पलीकडच्या रस्त्यावर यंत्रं घेऊन तपासणी करणारा एक तरुण आहे. ताईंना त्याच्याकडे पाठवता आलं असतं. पण त्याला मी आजवर 'यंत्रवाला' म्हणून हिणवलेलं, आता गिऱ्हाईक कुठल्या तोंडानं पाठवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या घरी पोचलो. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे लहानसं अंगण. घर रिकामं होतं आणि रंगाचा वास ताजा होता. ताजा रंग दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते, ती पडली. दलाल किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत मागे मागे होता.

"काका, अकरापर्यंत उरकेल ना? बाराला दुसरं गिऱ्हाईक सही करायला येतंय. ताईंचं काय ते त्याआधी कळलं पाहिजे."

ताईंचं तर कधीच ठरलं होतं. त्या घरून आईच्या कॉटच्या मापाची सुतळी कापून घेऊन आल्या होत्या. मागच्या खोलीत त्यांनी ती भिंतीकडेला जमिनीवर अंथरली. खिडकी बरोबर पायांकडे येत होती. "हे बघ, आई. उजेड इथून. आणि अंगणात जायचं दार चार पावलांवर. एकसुद्धा पायरी नाही." म्हातारी रंगाच्या पालथ्या डब्यावर बसली आणि दाराकडे बघत राहिली. तिनं पाय थोडे पुढे सरकवले, पावलं मोजून बघावीत तसे.

मी कामाला लागलो. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. शेवटी मागच्या खोलीतली ती सुतळीवरची भिंत. वरपासून सुरुवात केली. ठक. ठक. ठक. सगळं सारखंच वाटत होतं. खरं तर सगळं सारखंच लांबून येत होतं. तळवा टेकवला. नव्या रंगाचा थर गार होता आणि हाताला काही सांगत नव्हता.

"भिंत ठीक," मी म्हणालो आणि वही काढली.

म्हातारी काहीतरी बोलली. मी वळलो नाही, तेव्हा ताईंनी माझ्या खांद्याला हात लावला. "आई म्हणतेय, तिथं परत वाजवा."

मी परत वाजवलं.

"आता हातभर डावीकडं."

वाजवलं.

"बद्द येतोय की हो, दादा!" म्हातारी म्हणाली. "उजवीकडं खणखणीत, आणि डावीकडं फुटक्या मडक्यागत."

दलाल हसला. "आजी, तुम्ही इंजिनिअर का?"

"चाळीस वर्षं बाजारात मडकी विकली. फुटकं एक नाही खपवलं."

"जुन्या घरात होतं असं थोडंफार. हो ना काका? काकांनी ठीक म्हटलंय, म्हणजे विषय संपला."

विषय खरंच संपला असता. माझी चौतीस वर्षं एका पारड्यात आणि मडकी विकणारी म्हातारी दुसऱ्यात; कोणी वजन करायलासुद्धा थांबलं नसतं. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी ठीक म्हणावं अशीच त्यांची इच्छा होती, ते चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग माझी नजर खाली सुतळीवर गेली. म्हातारीची उशी याच भिंतीला लागून येणार होती.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

दलालाला ती थट्टा वाटली. मी पुन्हा म्हणालो, "मला हल्ली पोकळ-भरीव कळत नाही. भिंत ठीक आहे की नाही, मला माहीत नाही."

हे वाक्य मी बायकोपुढेसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. माझी लाज त्या रिकाम्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मग कालच का नाही सांगितलंत?" ताईंचा आवाज चढला, एवढं मला ऐकू आलं.

"लाज वाटली."

म्हातारीनं हात पुढे केला. "आणा ती हातोडी. आणि तू धर गं मला."

लेकीच्या आधारानं ती भिंतीशी उभी राहिली. हातोडी घेतली, पण आधी बोटाच्या पेरानंच वाजवलं, सवयीप्रमाणे. कान भिंतीच्या जवळ नेला. मान हलवून 'नाही' म्हणाली की मी तिथं खडूनं फुली मारायची, असं आमचं ठरलं. मला आवाजातलं काही कळत नव्हतं, फक्त तिची मान दिसत होती. नाही. नाही. नाही. वरच्या जागा ताईंनी वाजवल्या, म्हातारीनं ऐकल्या. अर्ध्या तासात फुल्यांचं रान माजलं. त्या जोडत गेलो तर दाराएवढा आकार झाला, आणि त्याचं खालचं टोक सुतळीच्या डोक्याकडच्या बाजूला येऊन टेकलं.

मी अंगणात जाऊन त्या भिंतीची बाहेरची बाजू पाहिली. तिथं फळ्यांचा ढीग लावून ठेवला होता. फळ्या हलवल्या. मागे छपराच्या पाण्याचा पाइप सांध्यात फुटलेला होता आणि विटा हिरव्या पडल्या होत्या. माझे डोळे अजून शाबूत होते. नीट फिरलो असतो तर आधीच दिसलं असतं. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

"मालक मला असलं काही बोलले नव्हते," दलाल किल्ल्यांकडे बघत म्हणाला.

"ताई, आज सही करू नका," मी म्हणालो. "आधी पाइप बदलायचा, गिलावा खरवडून काढायचा, विटा सुकू द्यायच्या, मग परत तपासणी. मालक तयार नसेल तर घर सोडून द्या. आणि बाराच्या गिऱ्हाइकालाही मी हे दाखवूनच जाणार आहे."

दलालानं माझ्याकडे असं बघितलं की जन्मात पुन्हा तो मला काम देणार नाही हे कळलं. ताई आत गेल्या आणि त्यांनी सुतळी गुंडाळायला घेतली. फार सावकाश गुंडाळली. "उजेड छान होता," एवढंच म्हणाल्या.

अहवाल मी तिथंच ओट्यावर बसून लिहिला. शेवटी लिहिलं: भिंती ऐकल्या, खरेदीदाराच्या आईंनी. आणि खाली सही केली.

रिक्षात बसताना म्हातारीनं मला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "किती दिवस झाले, दादा?"

"वर्ष झालं."

"मग त्या वर्षभरातली घरं?"

रिक्षा गेली तरी मी तिथंच उभा होतो.

घरी आलो. बायको भाजी चिरत होती. माझ्या कोपराला हात लावायची तिला वेळच आली नाही, मीच तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. ती "सांगत होते ना," म्हणेल असं वाटलं होतं. तिनं विळी बाजूला सरकवली, हात पुसले आणि विचारलं, "किती घरं?"

मी वह्या काढल्या. नजरेच्या आणि दुसऱ्या प्रकारच्या तपासण्या वगळल्या. पूर्ण तपासणीची चौदा निघाली. चौदा घरांत माणसं माझ्या शब्दावर खाटा टाकून झोपत होती. यंत्रवाल्याकडे मी जायचं, हात जोडायचे आणि चौदा घरं आपल्या खर्चानं परत तपासून घ्यायची असं ठरलं. फोनवरचं मला धड समजत नाही, म्हणून फोन तिनं करायचे.

तिनं चष्मा लावला आणि पहिला नंबर फिरवला. मी समोर वही आणि पेन घेऊन बसलो.

"मी टकटककाकांच्या घरून बोलतेय. यांना वर्षभरापासून नीट ऐकू येत नाही. तुमच्या भिंती परत वाजवून बघायला हव्यात. तोवर खाटा भिंतीपासून लांब ठेवा."

पलीकडून काय येत होतं ते मला कळत नव्हतं. कधी ती नुसती मान हलवायची, कधी डोळे मिटून ऐकून घ्यायची. एका फोनला बराच वेळ गेला आणि तिचा चेहरा उतरला, पण तिनं मला काही सांगितलं नाही. फोन ठेवला की मी नावापुढे खूण करायचो आणि पुढचा नंबर तिच्यापुढे सरकवायचो.

चौदाव्या फोनपर्यंत ते सगळं बोलणं मला नुसत्या तिच्या ओठांवरून वाचता यायला लागलं होतं.