तिसऱ्यांदा विचारलंच नाही

आर्डिस तोलेफ्सनने इंजिनावर तळहात ठेवला आणि लगेच मागे घेतला. इंजिन चांगलंच तापलेलं होतं.

"आम्ही यायच्या आधी चालवली होती का हो?" तिने विचारलं.

"छे छे! कालपासून हातसुद्धा लावला नाही," विकणारा म्हणाला. म्हणाला मात्र वर्लिनकडे बघून.

वर्लिन हा तिचा धाकटा दीर. चाळीस वर्षं त्याने तालुक्याच्या गावी बसून विम्याचे कागद भरले होते. ट्रॅक्टर चालवला होता तो आर्डिसने, लाकडाच्या गाड्या ओढल्या त्या आर्डिसने. पण दोन आठवड्यांत ही चौथी जुनी एटीव्ही, म्हणजे रानावनात चालणारी छोटी उघडी चारचाकी, बघायची वेळ, आणि चारही ठिकाणी विकणारे बोलले ते वर्लिनशी. ती जणू डबा घेऊन सोबत आलेली.

वर्लिनने चाकाला बुटाची एक लाथ मारली. एवढी एकच तपासणी त्याला येत होती.

"टायर मस्त आहेत हं, वहिनी."

"टायर काय पायात घालू? थंड असताना सुरू होत नाही म्हणून यांनी आधीच तापवून ठेवलीये. जानेवारीत उणे तीसमध्ये मला कोण तापवून देणार? चला भाऊजी."

पिकअपमध्ये बसल्यावर तिने दार असं आपटलं, की वर्लिनची टोपी डोळ्यांवर आली. पहिल्या गाडीला मागे हूकच नव्हता, म्हणजे ट्रेलर ओढणार दाताने. दुसरी नुसती पोरांनी उड्या मारायला केलेली, दिसायला भडक आणि ताकदीला फुसकी. ती वर्लिनला भलतीच आवडली होती. तिसरीच्या एअर फिल्टरमध्ये अख्ख्या दलदलीचा चिखल. आणि ही चौथी. जो तो आपलं भंगार बाईच्या गळ्यात मारायला टपलेला. ऑक्टोबर संपत आला होता, तळ्यांच्या कडेला पहाटे बर्फाची साय धरायला लागली होती, आणि आर्डिसचं डोकं भट्टीसारखं तापलं होतं.

तिला गाडी हवी होती ती हौसेसाठी नव्हे. बेमिजी गावाच्या उत्तरेला तिचं चाळीस एकर रान, घर उबदार ठेवणारी, लाकडावर चालणारी भट्टी, आणि घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सहाशे फुटांची वाट. नवरा, ओर्लिन, मार्चमध्ये गेला. पंधरा दिवसांत मुलाने, ब्रेंटने, ट्रॅक्टर विकून टाकला. "तुला कुठे झेपणार आहे, आई?" ती दुःखात होती, बोलली नाही. त्याचा राग तिला अजून येत होता, ब्रेंटचा आणि स्वतःचाही. आता लाकूड रानातून घरापर्यंत कोण आणणार आणि हिवाळ्यात वाट कोण मोकळी करणार, या दोन प्रश्नांवर तिचं घर टांगलेलं होतं. उत्तर नसेल, तर मिनिआपोलिसजवळ ब्रेंटच्या घरातली तळमजल्याची खोली तिची वाट बघत होती. सुनेने खोलीला फिका हिरवा रंगही देऊन ठेवला होता.

त्यात आणखी एक मेख होती. इकडच्या नॉर्वेजियन घरांत पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. कॉफी विचारली की नको म्हणायचं. पुन्हा विचारली की, "नको हो, उगाच तुम्हाला त्रास." तिसऱ्यांदा विचारली की, "बरं, अर्धाच कप द्या," आणि मग तीन कप पिऊन उठायचं. पहिले दोन नकार सगळ्यांचेच, तिसरं उत्तर खरं. ब्रेंटने तिला दोनदा विचारून झालं होतं, एकदा मयताच्या जेवणाला, चर्चच्या तळघरात, आणि एकदा चार जुलैच्या सुट्टीला. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "नको रे, कशाला उगाच." ब्रेंट त्याच घरात वाढलेला. त्याने मनाशी दोन नकार मोजले आणि रंगाचे डबे आणले. तिसऱ्यांदा तो नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाला विचारणार, हे तिला दिसतच होतं.

पाचवी गाडी पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर सापडली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "एटीव्ही. जुनी. कुरूप. काम करते. हूक आहे." आर्डिसला पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोलल्यासारखं वाटलं.

विकणारा रँडल टेक्सासचा, दोन वर्षांपूर्वी इथे आलेला. अंगावर दोन जाकिटं, नाक लाल.

"इंजिन थंड आहे, बाई. मुद्दाम हात लावला नाही. तुम्हीच सुरू करा."

तो बोलला ते तिच्याशीच. आर्डिस क्षणभर गोंधळलीच. मग तिने किल्ली फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन खोकलं आणि चालू झालं. तिने चाकं धरून हलवली, तेलाची कांडी पुसून बघितली, त्याचाच ट्रेलर हुकाला लावला, त्यावर वर्लिनला बसवलं आणि हळूच्या गिअरवर चढावर ओढला.

"वहिनी, मी माणूस आहे, ओंडका नाही!" वर्लिन ओरडला.

"फरक कळला तर सांगते!"

गाडीचा रंग उडालेला, सीटला चिकटपट्ट्या लावलेल्या, पण ओढ अशी की आर्डिसला बऱ्याच महिन्यांनी हसू आलं. अठ्ठावीसशे डॉलरला सौदा ठरला. तिच्याजवळ तीन हजार होते, घासाघीस करायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात रँडलने भिंतीला टेकवलेलं लोखंडी पातं दाखवलं. बर्फ ढकलायचं, पाच फूट रुंद, याच गाडीला बसणारं.

"हेही घेऊन जा. फुकट. मी पुढच्या आठवड्यात टेक्सासला परत चाललोय, तिथे काय वाळू ढकलू?"

आर्डिसने मनात हिशेब केला. पातं म्हणजे मोकळी वाट. मोकळी वाट म्हणजे घर.

"नको हो," ती म्हणाली. "कशाला."

"खरंच न्या. मला अडगळच आहे."

"नाही नाही. गाडी दिलीत, पुष्कळ झालं."

आणि ती थांबली. वर्लिनही टोपी हातात घेऊन अदबीने थांबला. रँडलने दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले.

"ठीक आहे. मग शेजारच्या सेल्मरला देऊन टाकतो."

आणि तो पैसे खिशात घालून आत गेला.

परतीच्या वाटेवर मागे पिकअपमध्ये गाडी खडखडत होती.

"तिसऱ्यांदा विचारलंच नाही त्याने!" पाच मैल गेल्यावर वर्लिन म्हणाला.

"मला दिसलं."

"माणूस आहे का कोण! दोनदा विचारून सोडून देतात का?"

"तुम्ही तरी तोंड उघडायचं होतं, भाऊजी."

"मी कसा उघडणार? पातं तुम्हाला देत होता."

"बारा महिने टायरला लाथा मारता, तेव्हा बरं सुचतं!" आर्डिसचा आवाज फाटला. ती चिडली होती खरी रँडलवर, पण त्याहून जास्त आपल्या जिभेवर. सत्तर वर्षं त्या जिभेला एकच वळण. हवं असलेलं पातं समोर, देणारा फुकट देतोय, आणि ही म्हणते कशाला! रात्री तिने भांडी घासताना एक बशी फोडली, आणि बशी फुटली म्हणून रडली. रडू बशीचं नव्हतंच.

सकाळी ती एकटीच निघाली. वाटेत मोठमोठ्याने सराव केला. "मला ते पातं हवंय." पहिल्यांदा म्हणताना शेवटचा शब्द तोंडातच राहिला. चौथ्यांदा जरा जमलं.

रँडलच्या अंगणात पोचली तेव्हा पातं सेल्मर हाउगेनच्या पिकअपमध्ये चढलं होतं. सेल्मर तिच्याच चर्चचा, तिच्याच वयाचा. त्याच्या घरी बर्फ ढकलायची दोन यंत्रं होती.

"मी ते पातं मागायला आले होते," आर्डिस रँडलला म्हणाली. तोंड लाल झालं होतं.

"काल तर नको म्हणालात!"

"म्हणाले होते. खोटं म्हणाले."

रँडल बघतच राहिला. सेल्मरला मात्र सगळं कळलं. तो खाकरला, आणि त्याच्या आईने शिकवलं होतं तसं म्हणाला, "अगं आर्डिस, तुलाच हवं असेल तर तूच ने ना."

हे पहिलं विचारणं होतं. आता तिने नको म्हणायचं, त्याने पुन्हा आग्रह करायचा, तिने पुन्हा नको म्हणायचं, आणि मग, द्यायचं मनात नसल्यामुळे तिसऱ्यांदा न विचारता, त्याने "बरं, तू म्हणतेस तर" म्हणत पातं घरी न्यायचं. सगळं ठरलेलं. सेल्मरचा हात तर पिकअपच्या दारावर गेलासुद्धा होता.

"हो, नेते," आर्डिस म्हणाली.

सेल्मरचं तोंड उघडं पडलं. ते मिटायच्या आत तिने पात्याचं एक टोक धरलं. "दुसरं टोक धर, सेल्मर. जड आहे." बिचाऱ्याने धरलं. चर्चमध्ये आता हे वर्षभर चघळलं जाणार, हे तिला ठाऊक होतं, आणि तिला लाज वाटतही होती. पण पातं तिच्या पिकअपमध्ये होतं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री अकरा इंच बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रेंट बायकोला घेऊन आला, दारात बूट झटकले, टर्कीवर ताव मारला. वर्लिनही होता. भोपळ्याची गोड पाई कापून झाल्यावर ब्रेंटने काटा खाली ठेवला.

"आई, खोली तयार आहे. सोमवारीच चल आमच्याबरोबर. काय?"

तिसरं विचारणं. वर्लिनचा घास हवेतच थांबला. ब्रेंटच्या चेहऱ्यावर हसू आधीच आलं होतं, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

"नको," आर्डिस म्हणाली.

ब्रेंट पुढच्या शब्दांची वाट बघत राहिला. कशाला, उगाच त्रास, असलं काहीतरी. या नकाराला शेपूट नव्हतं. त्याचं हसू हळूहळू विझलं. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

"आम्ही रंग दिला गं खोलीला," तो म्हणाला.

"माहीत आहे. मला हिरवा आवडत नाही."

मग तो चिडला. "आणि बर्फाचं काय? आज वाट साफ करायला कोणाला बोलावलंस? प्रत्येक वेळी कोण येणार आहे तुझ्यासाठी?"

"कोणाला नाही बोलावलं. शेडमध्ये जाऊन बघ."

ब्रेंट कोट न घालताच तरातरा बाहेर गेला. शेडमध्ये ती कुरूप गाडी उभी होती, पुढे पातं, पात्याला ओला बर्फ चिकटलेला. त्याने वाकून इंजिनावर तळहात ठेवला. असं करायचं त्याला लहानपणी आईनेच शिकवलं होतं. पाहुणे यायच्या जेमतेम पाच मिनिटं आधी तिचं काम संपलं होतं, आणि इंजिन अजून कोमट होतं. तो बराच वेळ हात तसाच ठेवून उभा राहिला.

परत आला तेव्हा त्याचे कान थंडीने लाल झाले होते. तो खाली बसला.

"पातं कुठून मिळालं?" त्याने विचारलं.

"मागितलं," आर्डिस म्हणाली.

ब्रेंटने आईकडे असं पाहिलं, जणू तिला पहिल्यांदाच बघतोय. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही.