सासूबाईंनी मागितलेला न्याय

आमच्या सासूबाईंचं, कुशाबाईंचं, देवाशी बोलणं अगदी रोखठोक. संध्याकाळी जेवणाआधी आम्ही सगळे डोळे मिटतो आणि त्या हात जोडून सांगतात, "प्रभू, त्या चांगदेवचा न्याय तू कर." भात निवत असला तरी त्यांना घाई नसते. रविवारी चर्चच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर' या ओळीपाशी त्या ओठ घट्ट मिटून घेतात. मी शेजारीच उभी असते, मला बरोबर कळतं.

त्यांचा राग खोटा नव्हता. चांगदेव आमचा बांधशेजारी. बांधाच्या भांडणात त्याने आमच्या घराच्या वाटेवर काटेरी तार ओढली. मामंजींच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी तारेपलीकडेच थांबली. माझ्या नवऱ्याने, अमृतने, त्यांना पाठीवर घेतलं. गाडीपाशी पोचेतो सगळं संपलं होतं. चांगदेव मातीला आला नाही, आणि तार तर अजून आहे तिथेच आहे.

परवा त्याच्या उसाची तोड चालू असताना तोडकऱ्यांना सरीत बिबट्याची पिल्लं सापडली. आमच्या लोणी गावाकडे हे नवं नाही. वनखात्याच्या लोकांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथेच, चांगदेवच्या पाण्याच्या मोटारीकडे जाणाऱ्या वाटेवर ठेवली. अंधारताना आई येते आणि घेऊन जाते. तोवर तिकडे कोणी फिरकायचं नाही, असं घरोघर बजावून ते फडाच्या पलीकडे लांब जाऊन बसले. चांगदेव सकाळपासून पारगावला कारखान्यावर, बायको माहेरी. त्याला कोण सांगणार?

दिवस मावळताना मी ओट्यावरून पाहिलं, तर तो घरासमोर मोटारसायकल लावून, कांद्याला पाणी धरायला सरळ त्याच वाटेने निघालेला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"अश्विनी, थांब."

"आई, तो क्रेटकडं चाललाय!"

"दिसतंय मला."

त्यांचे डोळे त्याच्या पाठीवर खिळले होते. वारा नव्हता, तरी उभा ऊस हलला. मला भीती बिबट्याची वाटत होती की या बाईची, तेच कळेना. रोज मागितलेलं देव आज देतोय, असं त्यांना वाटत असणार. मलाही वाटलं. असा देव नको, असंही वाटलं.

मग त्यांनी त्याच्या पाठीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"अगं, ह्यो खरंच देतोय," त्या पुटपुटल्या. "आन् उद्या माझा न्याय करायला बसला तर?"

माझं मनगट सुटलं. त्यांनी पदर खोचला, घमेलं आणि कोयता उचलला आणि घमेलं बडवत तारेकडे धावल्या. "चांगदेवा! मागं फिर! बिबट्या हाय! इकडं ये, आमच्याकडं!"

तो क्षणभर गोंधळला, मग जीव घेऊन पळत सुटला. तार त्यानेच पक्की ताणलेली. सासूबाईंनी ती नुसत्या हातांनी वर ओढून धरली आणि तो खालून सरपटत आला. त्याची पाठ खरचटली, यांचे तळवे फाटले.

थोड्या वेळाने वनखात्याचा माणूस सांगून गेला, मादी क्रेटजवळच सरीत दबा धरून होती. पिल्लं घेऊन गेली.

चांगदेव खाली मान घालून चहा पीत होता. "काकू, आज तुमी नसत्या तर..."

"माझं उपकार मानू नको," सासूबाई म्हणाल्या. हळद भरलेले तळवे त्यांनी मांडीवर उघडेच ठेवले होते. "तू वाटंला लागलास तवा मी हिचं मनगट धरून ठिवलं व्हतं. तू मरावास म्हणून."

कप बशीत वाजला. तोवर घरी आलेल्या अमृतने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

"मग हाक का मारली?" चांगदेवने विचारलं.

"तुझी दया आली म्हणून न्हाई. मला माझंच भ्याव वाटलं. देवानं तुझ्याशी जसं वागावं म्हणत व्हते, तसं त्यो माझ्याशी वागला, तर मी कुटं जाऊ?"

बाहेर अंधार झाला होता, त्याला एकट्याला सोडणं बरं नव्हतं. सासूबाई उठल्या, त्याच्यासाठी पान वाढलं आणि मामंजी बसायचे त्या जागी नेऊन ठेवलं.