उत्तर राहिलेलं पत्र

सकाळची पत्रं संपल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही, हा वहिनींचा नेम. सहा वर्षांत तो मोडला नव्हता. एकदा ताप डोक्यात गेला आणि पत्रं राहिली, तर त्या दिवशी चहाही राहिला. त्याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही. कप उजवीकडे, त्यावर बशी पालथी, आणि दोन बोटांनी टकटक करत उत्तरं द्यायची. चहा निवायचा. निवलेलाच त्यांना आवडतो, असं घरात सगळ्यांनी समजून घेतलं होतं.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि माणसं तीन. वहिनींचे यजमान कॉम्प्युटरवरचा खेळ रचायचे, धाकटा दीर त्याची चित्रं काढायचा आणि उरलेलं सगळं वहिनी बघायच्या. दीर वहिनी म्हणे, म्हणून पाण्याचे जार टाकणाऱ्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनीच.

खेळ होता धुक्यातल्या रेल्वे जंक्शनचा. खेळणाऱ्याने सांधेवाला व्हायचं. एका हातात रूळ बदलायचा दांडा, दुसऱ्या हातात कंदील. धुक्यातून घंटेचे ठोके ऐकू येतील त्यावरून ओळखायचं की कोणती गाडी येते आहे, आणि तिला तिच्या रुळावर घालायचं. चुकलं की पलीकडे काय झालं ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं. दिराने धुकं असं काढलं होतं की बघताना चष्मा पुसावासा वाटे.

असे खेळ विकणारं एक मोठं दुकान इंटरनेटवर होतं. जुनं, सगळ्यांच्या सवयीचं. खेळ तयार व्हायच्या आधीच तिथे त्याचं पान लावता येई, आणि पानाखाली लोकांनी बोलायला एक कट्टा असे. वहिनींची पत्रं ती तिथली. ‘कधी येणार?’, ‘माझ्या जुन्या मशीनवर चालेल का?’, ‘धुकं थोडं कमी करा, बायको म्हणते डोळे गेले तुमचे.’ वहिनी प्रत्येकाला उत्तर देत. एकच प्रश्न चाळीस जणांनी विचारला तर चाळीस वेळा देत. दीर म्हणायचा, “वहिनी, एकदाच लिहा नि वर टांगून ठेवा की.” त्या म्हणायच्या, “दारात आलेल्याला पाटी दाखवायची का?”

त्या कट्ट्यावर एक पाहुणा यायचा. नाव लिहायच्या जागी दुकानानेच घातलेला ‘पाहुणा’ हा शब्द त्याने कधी बदलला नव्हता. पानावरची खेळाची झलक ऐकून लिहिलेलं पहिलं पत्र तक्रारीचंच होतं. मालगाडीला तीन ठोके नसतात, चार असतात. एकतीस वर्षं मी खरा सांधा ओढला आहे, मला शिकवू नका. वहिनींनी लिहिलं, चूक आमची, सुधारतो. तेव्हापासून तो आठवड्यातून दोनदा यायचा. कंदिलाची वात कशी कापतात, थंडीत दांडा हाताला कसा चिकटतो, असलं काहीबाही लिहायचा. अर्धांगाने डावी बाजू गेली होती हेही त्याने जाता जाताच सांगितलं. ‘आता सांधा एका हाताने ओढावा लागेल, तेवढं बघा.’

खेळ तर दोन हातांचा. पण जुन्या दुकानाची एक सोय होती. एका हाताने चालवायचं खास यंत्र मिळतं, ते जोडलं की दुकानाचा प्रोग्रामच सगळी बटणं हवी तशी फिरवून देई. वहिनींनी यजमानांकडून खात्री करून घेतली होती. पाहुण्याने विचारलं, ‘यंत्र घेऊ का? दुसऱ्या कशाला ते उपयोगी नाही मला, या एकाच खेळासाठी घेणार. तारीख पक्की ना?’

वहिनींनी लिहिलं, ‘अगदी निर्धास्त घ्या. याच दुकानात, ठरल्या तारखेला.’

हे त्यांनी लिहिलं त्याच्या नऊ दिवस आधी यजमानांनी सही केली होती.

नवं दुकान दोन वर्षांपूर्वी निघालं होतं. खिसा मोठा, गिऱ्हाईक थोडं. जुन्याची गिऱ्हाइकं फोडायला त्यांनी एक रीत काढली होती. चांगला दिसणारा खेळ हेरायचा, बनवणाऱ्याला आधीच घसघशीत रक्कम द्यायची आणि वर्षभर तो दुसरीकडे कुठे विकायचा नाही असं लिहून घ्यायचं. यजमानांचे आधीचे दोन खेळ जुन्या दुकानात विहिरीत दगड पडावा तसे बुडाले होते. रोज पन्नास नवे खेळ यायचे तिथे, कोण कोणाला विचारतो. तिसराही बुडाला असता तर दोन खोल्या सोडाव्या लागल्या असत्या. म्हणून त्यांनी सही केली, हे वहिनींना पुढे कळलंही आणि पटलंही. नाही पटलं ते वेगळंच.

करारात एक कलम होतं. जाहीर होईपर्यंत बाहेर शब्द जाता कामा नये. आणि जाहीर होईल त्या घटकेला जुन्या दुकानातलं पान खाली उतरवायचं, कट्ट्यासकट.

त्या सकाळी वहिनी नेहमीसारख्या बसल्या. सतरा पत्रं होती. सोळा झाली. सतरावं पाहुण्याचं होतं.

‘यंत्र आलं. भाचा जोडून देऊन गेला. उजव्या हाताने तालीम चालू आहे, मांडीवर ठेवून. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यापलीकडचे बेत करू नका म्हटलंय, म्हणून पुन्हा विचारतो, रागावू नका. तारीख पक्की ना? आणि ठोके चार केलेत का?’

वहिनींनी आधी ठोक्यांचं लिहायला घेतलं. ‘चार केलेत. मी स्वतः ऐकले. आणि तारीख’

एवढं लिहिलं आणि पान पांढरं पडलं. मधोमध एक ओळ आली, हे पान आता उपलब्ध नाही.

त्यांनी इंटरनेट तपासलं. वायर काढून परत घातली. मग दिराला हाक मारली, “अरे, बघ रे जरा, पान गेलं माझं.”

दीर उठला नाही. पडद्याकडेच बघत म्हणाला, “वहिनी, दादा येतोय. तो सांगेल.”

“काय सांगेल?”

“तो जिन्यात आहे. फोनवर.”

दिराच्या पडद्यावर त्यांच्याच खेळाचं मोठं चित्र उघडं होतं, धुकं, कंदील, आणि कोपऱ्यात नव्या दुकानाचा शिक्का. चित्र एका दिवसात होणारं नव्हतं. वहिनींना दिराचं काम माहीत होतं. एवढं धुकं काढायला त्याला दोन आठवडे लागतात.

यजमान आले. चप्पल काढता काढताच म्हणाले, “नऊ वाजता सांगणार होतो तुला. त्यांचा फोन लांबला.”

“कधी ठरलं?”

“झाले तीन आठवडे. तेवीस दिवस.”

“तेवीस दिवस मी लोकांना ‘हो’ लिहितेय.”

“अगं, करारातच होतं. बाहेर शब्द जाता कामा नये.”

“मी बाहेरची?”

यजमानांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. “तुला सांगितलं असतं तर तुझ्या उत्तरांतून लोकांना कळलंच असतं. तुला खोटं बोलता येत नाही, सगळ्या जगाला माहीत आहे.”

“म्हणून न कळत बोलायला लावलंत.”

“तू गप्प बसली असतीस का, सांग.”

“बसले असते,” वहिनी म्हणाल्या. “गप्प बसले असते. ‘हो’ म्हटलं नसतं.”

दीर मध्ये पडला. त्याला भांडण सोसत नसे, विनोद करून तो ते झाकायचा. “वहिनी, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना. दुकानं भांडतायत, आपलं भलं झालं.”

“तिसरे आपण नाही रे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या बाजूला जाऊन बसलो आपण. तिसरा तो, मांडीवर यंत्र घेऊन बसलाय.”

मग त्यांनी पाहुण्याचं सांगितलं. बटणं फिरवायची सोय नव्या दुकानात नव्हती. यजमानांना हे सुचलंच नव्हतं. ते कपाळाला हात लावून खाली बसले. कपावरची बशी तशीच होती. वहिनींनी कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला.

यजमान वाईट नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि एका हाताची सोय खेळाच्या आतच बांधायला घेतली. दुकान कोणतंही असो, यंत्र जोडलं की चाललं पाहिजे. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी वहिनींनी डावा हात पदराखाली घेऊन तासभर खेळून पाहिलं. मालगाडी आली, चार ठोके पडले, त्यांनी दांडा ओढला, गाडी सुखरूप गेली.

“आता सांग त्याला,” यजमान म्हणाले. त्यांच्या आवाजात हलकं झाल्यासारखं काहीतरी होतं.

“कुठे सांगू?”

तेव्हा ते यजमानांच्या ध्यानात आलं. कट्टा गेला तशी कट्ट्यावरची पत्रंही गेली होती. नव्या दुकानात बोलायला जागाच ठेवलेली नव्हती. विका, घ्या, चालू लागा. पाहुण्याचं गाव, नाव, फोन, वहिनींकडे काही नव्हतं. आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्याला कोणी पत्ता विचारतं का? त्यांनी जुन्या दुकानात शोधलं, तर ‘पाहुणा’ नावाची माणसं हजारोंनी निघाली. ज्याने ज्याने नाव बदलायचा कंटाळा केला तो प्रत्येक जण पाहुणा होता. जुन्या दुकानाला पत्र घातलं. नम्र उत्तर आलं, गिऱ्हाइकाची माहिती देता येत नाही. त्यांचंही चूक नव्हतं.

मग वहिनींनी नव्या दुकानाच्या माणसाला स्वतः फोन केला. करार त्यानेच केला होता. माणूस गोड बोलायचा.

“जुनं पान एक दिवस उघडू द्या,” त्या म्हणाल्या. “विकायला नाही. एक उत्तर द्यायचं राहिलंय.”

“वहिनी, एक दिवस उघडलं की आमच्याकडे शंभर जण येतील, आम्हालाही द्या म्हणून. किती लोकांसाठी पाहिजे?”

“एकाच.”

“एका माणसासाठी कलम मोडता येत नाही हो.”

“कलमं एकेका माणसालाच लागतात,” त्या म्हणाल्या, आणि मग वाईट वाटून, “असू द्या. तुमचाही नाइलाज आहे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खेळ ठरल्या तारखेला नव्या दुकानात आला. बरा चालला. दोन खोल्या राहिल्या, दिराला नवा पडदा मिळाला. इतर ठिकाणी लोकांनी शिव्या घातल्या, विकले गेले म्हणाले, आणि ‘ती उत्तरं देणारी बाई तेवीस दिवस तोंडावर खोटं बोलत होती’ असंही कोणी लिहिलं. दिराने ते लपवायला पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “दे वाचायला. बरोबरच लिहिलंय.”

सकाळी कॉम्प्युटर उघडून त्या बसत. पत्रं नव्हती. चहा मात्र त्या घेत नसत. गरम पाण्याचा पेला घेत. पहिले काही दिवस दीर थट्टा करायचा, “वहिनी, तुमच्या वाटचा चहा मला पचत नाही हो, झोप उडते.” मग एके दिवशी त्याला उमगलं की हा नेम मोडला नाहीये, तो चालूच आहे, आणि त्याने थट्टा सोडली.

यजमान रोज कप आणून ठेवत. बशी पालथी घालून. दुपारी उचलून नेत.

वर्ष भरलं त्या दिवशी दहा वाजता जुन्या दुकानात पान उघडलं. कट्टा नवा, कोरा. आधीची पत्रं परत येत नाहीत असं दुकानाने कळवलं होतं. वहिनींनी सगळ्यात वर पहिलं स्वतःच लिहिलं. ‘पाहुणे, ठोके चार केलेत. एका हाताने चालतं. या दुकानातली तारीख आम्ही पाळली नाही, तो दोष आमचा. आलात की सांगा.’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाटी टांगली होती.

दुपारपर्यंत दोनशे बारा पत्रं आली. काही टोचून बोलणारी, काही जुन्या ओळखीची. एकाने विचारलं होतं, ‘हे पाहुणे कोण?’ वहिनींनी आधी सगळी वाचून काढली. एकतीस वर्षांचं, वातीचं, दांड्याचं कुठे काही नव्हतं. मग पहिल्यापासून एकेकाला उत्तर द्यायला घेतलं, दोन बोटांनी. ‘हे पाहुणे कोण’ला त्यांनी लिहिलं, ‘ज्यांनी आम्हाला घंटा शिकवली ते.’

संध्याकाळ झाली. खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. यजमानांनी ताजा चहा करून आणला होता, साय काढून, त्यांना आवडतो तसा.

“संपली ना सगळी?”

“दोनशे बारा संपली.”

“मग घे की आता.”

वहिनींनी कपाकडे पाहिलं. वाफ येत होती. “एक राहिलंय,” त्या म्हणाल्या.

यजमानांनी बशी उचलली, कपावर पालथी घातली, आणि आपली खुर्ची ओढून शेजारी बसले. वहिनींनी बशीची कड सरळ केली आणि नवं काही आलंय का ते पुन्हा एकदा पाहिलं.