आवक खिडकी बंद

“साहेब, तुम्ही चुकलात तर तुम्हाला थांबवतं कोण?”

मंत्र्यांना असं विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी त्या पोरीशी लावलेली पैज होती. जिंकली तर वर्गातला वाऱ्याचा बाक तिचा! मंत्रालय बघायला आलेल्या अख्ख्या वर्गाने श्वास रोखला. मंत्री मात्र दिलखुलास हसले.

“कोर्ट थांबवतं की, बाळ! विधिमंडळ कायदे करतं, आम्ही ते राबवतो. आमचा तोल गेला, की न्यायाधीश कान धरतात.”

टाळ्यांचा कडकडाट! पोरगी हवेतच तरंगायला लागली. जिना उतरली आणि धाडकन जमिनीवर आली.

तळमजल्यावर, कागद स्वीकारायच्या खिडकीपुढे तिची आई उभी होती. आई कोर्टात बेलीफ. कोर्टाचे हुकूम ज्याचे त्याला पोचवणं हे तिचं काम. आजचा हुकूम होता शाळेचं मैदान खणायला स्थगिती देणारा. ज्या मैदानावर ही पोरगी रोज जीव खाऊन धावायची, तिथे उद्या सकाळी याच मंत्र्यांच्या खात्याची यंत्रं घुसणार होती.

आणि खिडकीत कोण? तिचे बाबा! त्याच खात्याचे आवक कारकून.

“अहो, कोर्टाचा हुकूम आहे. घ्या.”

बाबांनी मान वर न करता शटर खाली ओढलं.

संध्याकाळी घरात ती तडतडली. “आईच्या तोंडावर खिडकी आपटलीत तुम्ही!”

“कागद घ्यायचा नाही, असं वरून तोंडी सांगितलं होतं. हुकूम हातातच पडला नाही, तर खात्याने तो पाळायचा कसा?”

“वा! कोर्टाने कान धरायचे, म्हणून साहेबांनी कानच घरी ठेवून यायचे!”

आई कोर्टाला द्यायचा अहवाल लिहीत बसली होती. ‘घेण्यास नकार’ लिहून झालं होतं. नकार कोणी दिला, तिथे पेन अडलं होतं.

“माझी नोकरी जाईल गं,” बाबा पुटपुटले.

“आणि खोटं लिहिलं तर माझी,” आई म्हणाली.

पोरीच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. टाळ्या मंत्र्यांनी घ्यायच्या आणि एकमेकांची मान हिच्या आईबापांनी कापायची?

“माझं ठरलंय,” ती म्हणाली. “आई, बाबांचं नाव लिही. उद्या कोर्ट उघडताच साक्षीला मी येते. वय कमी पडलं, तरी आवाज कमी पडणार नाही! आणि बाबा, तुम्हीही येताय. शटर ओढायला कोणी सांगितलं, ते नाव न्यायाधीशांना तुम्ही सांगायचं. गप्प बसलात, तर भर कोर्टात मी विचारणार. पैजेशिवाय!”