रस्त्यापलीकडचा दीर

अमेरिकेतलं साउथ टूसॉन एवढंसं शहर, की एका टोकाला मिरच्या भाजल्या तर दुसऱ्या टोकाला ठसका लागावा. चारी बाजूंनी मोठं टूसॉन. रस्ता ओलांडला की परमुलूख, असं डेल्फिना मानायची. तिचा धाकटा दीर लालो बायकोच्या हट्टापायी रस्त्यापलीकडे राहायला गेला. वर आपलं हे चिमुकलं शहर मोठ्यात विलीन करा म्हणणाऱ्या अर्जावर सही करून बसला. तेव्हापासून डेल्फिनाने त्याला उंबरा बंद केला. नवरा फेर्मीन मऊ माणूस, बायकोपुढे त्याचं काही चाललं नाही. उन्हाळ्यात तो आजारी पडून गेला. अंत्यविधीला लालो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि न बोलता परतला.

नोव्हेंबर आला. मृतांच्या दिवशी गेलेली माणसं घरी येतात; फेर्मीनही येणार, म्हणून तिने वेदी मांडली. झेंडू, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले, त्याची काळी कॉफी, सगळं झालं, पंचाईत फोटोची. कॅमेरा दिसला की पळणाऱ्या त्या माणसाचा एकच धड फोटो होता, तोही लालोसोबत. आणि जित्या माणसाचा फोटो वेदीवर ठेवणं म्हणजे मरणाला आवतण. तिने कात्री घेतली.

संध्याकाळी लालो दारात उभा, हातात गोड पाव.

"येऊ का, वहिनी? की व्हिसा लागतो?"

"ये. आज मेलेल्यांनाही मनाई नाही, मग तुला कुठली."

तो वेदीपुढे गेला आणि वाकून बघत राहिला.

"दादाचा हात कुठं गेला?"

"तुझ्या खांद्यावर होता," डेल्फिना म्हणाली. "तुला काढलं, तर तोही गेला. तू जिता आहेस, मी काय करणार?"

"बरं केलंस." लालो खुर्चीत बसला. तिने दिलेली कॉफी त्याने तशीच निवू दिली. "शेवटी माझी आठवण काढली का गं त्यानं?"

नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण फेर्मीन घरात आलेला असताना खोटं बोलायची तिची छाती होईना. आपल्या ताठ्याची तिला शरम वाटली.

"रोज काढायचा. लालोला बोलाव म्हणायचा. मी म्हणायचे, गरज असेल तर तोच येईल."

लालोने मान खाली घातली.

"मला वाटलं, त्यालाच मी नको झालोय," तो म्हणाला. "रस्त्यापलीकडेच तर होतो, वहिनी."