मोज्यायचा खोका

मी मैनाबाई, भरवेलीची. आमच्या घरचे मँगनीजच्या खाणीत होते, त्यायले जाऊन सात वर्सं झाले. एकच पोरगा आहे, वीरेंद्र, तो फौजमंधी. लोक म्हणते मैनाबाई भल्ली भांडकुदळ झाली, चांगल्या लोकायचा कार्यक्रम बिघडवून आली. झाली तं झाली. आधी माहं ऐका, मंग म्हणा.

दिवाळी झाल्यावर वीरेंद्रचा फोन आला. त्याच्या चौकीवरून रोज फोन लागत नाई, चार-पाच दिवसायतून कधी एकदा लागते, तोबी खरखर करत. म्हणे, "माय, इथं सगळं भेटते, सरकार देते. पण मोजे ओले झाले का दोन-दोन दिवस वाळत नाई. ऊनचे, लोकरीचे जाड मोजे भेटले तं पाठव. एकट्याले नको, आमी चौदा जण आहो. मी एकटा कोरडे मोजे घालून बसलो तं बरं नाई दिसत."

म्हणलं, "पाठवतो बावा. कोणाजवळ देऊ?"

"लालबर्ऱ्याचा पवन सुट्टीवर आला ना, तो माह्याच चौकीवर येऊन राह्यला. अठरा तारखेले निघते. त्याच्यापाशी दे. त्याच्यानंतर कोणी येत नाई, बर्फानं रस्ता बंद. मंग उन्हाळ्यातच."

झालं, फोन कटला. माह्या डोक्यात एकच हिशेब, चौदा जण, एक पायात अन् एक वाळाले, म्हणजे अठ्ठावीस जोड. अन् अठरा तारीख.

बालाघाटच्या बाजारात गेली तं शाळेच्या पोरायचे पातळ मोजे. ऊनचे कोण घालते आमच्याकडे? ज्याच्या घरी असन त्याच्या घरी पेटीत असन. मंग मी मांगाले निघाली. होय, मांगाले. पोरासाठी मांगाले लाज कायची? सून मयुरी मोबाइलवर लिहून टाके, मी दारोदार जाओ.

अन् लोकायनं काय देल्लं, ऐका. एका बाईनं साडी देल्ली. म्हणलं, बाई, फौजी काय साडी नेसते? तं म्हणे, तिथं कोणी गरीब असन त्याले देईन. एकीनं बाह्या नसलेलं सुटर देल्लं. एका मास्तरनं एक मोजा देल्ला. एक. म्हणे दुसरा भेटला का पोचवतो. एका दुकानदारानं मलेच दहा मिनटं सुनावलं का हे काम सरकारचं आहे, तुमी काहून फिरता, अन् शेवटी हात जोडून "जय हिंद" म्हणलं अन् शटर ओढलं. जय हिंद तं सगळ्यायनंच म्हणलं. जय हिंदची कमी नोहती, मोज्यायची होती.

खोटं कायले बोलू, चांगलेबी भेटले. आमच्या घरच्यायसंग खाणीत काम केलेले दादाजी आहेत, आता चालता येत नाई त्यायले. त्यायनं गमबुटात घालाचे आपले ऊनचे तीन जोड धुवून, वाळवून, घडी करून देल्ले. मलाजखंडच्या कॉलनीतून मयुरीच्या मामीनं विणून पाठवले. असं करत करत आठ दिवसात वीस जोड झाले. आठ कमी.

ते आठ जोड नसते मांगले तं हे रामायण झालंच नसतं. पण मी दुलीचंदच्या दुकानात गेली. दुलीचंद म्हणजे कपड्याचा मोठा व्यापारी, त्यायचं एक मित्र मंडळ आहे. माहं ऐकून घेतलं, पाणी देल्लं, चहा देल्ला. म्हणे, "माताजी, आठ नहीं, दो दर्जन देंगे हम। आप जो जमा की हो वो भी ले आओ, एक ही खोके में पॅक करके सम्मान से देंगे। अठारह को छोटा-सा कार्यक्रम रख लेते हैं।"

म्हणलं, "कार्यक्रम कायले? पवनची बस दीड वाजताची आहे, गोंदियाले गाडी पकडाची आहे त्याले."

"दस बजे रखेंगे। ग्यारह तक फुरसत।"

मले लालच सुटली. दोन डझन म्हणजे तिथल्या चौदाही जणायले तीन-तीन जोड. मी माहे वीस जोड आपल्या हातानं त्याच्या दुकानात नेऊन देल्ले. त्यायनं वीरेंद्रचा फोटोबी मांगला, बॅनरले लागते म्हणे. मयुरीनं वर्दीतला पाठवला. मले काय माहीत.

अठरा तारखेले साडेनऊलेच आमी दोघी मंडळाच्या हॉलमंधी. पवन बस स्टँडवर वाट पाहीन असं ठरलं होतं, त्याच्यापाशी मोठी पिशवी होती. स्टेजवर खोका ठेवलता, लाल फीत बांधून. त्याच्या बाजूले टेबल, टेबलावर भारतमातेचा फोटो, अन् त्याच्या बाजूले माह्या वीरेंद्रचा. चांगला फ्रेम करून. दोन फोटो, दोन हार ताटात, उदबत्ती, समई. मले तेव्हाच खटकलं होतं. पण मनाले म्हणलं, मैना, तुले सगळ्यातच खोट दिसते.

दहा वाजले. अकरा वाजले. मुख्य पाहुणे येऊन राह्यले होते. कुठून येऊन राह्यले होते देव जाणे, संपतच नोहतं त्यायचं येणं. मी दुलीचंदले म्हणलं, बावा, खोका देऊन टाका, फोटो मंग काढजा. म्हणे, "माताजी, बस पाँच मिनट।" बारा वाजता म्हणलं तरी पाच मिनट. साडेबारा वाजता म्हणलं, रिकामा खोका ठेवा ना बावा तिथं, मले मोजे द्या, पाहुण्यायले काय समजते. तं असा पाह्यला माह्याकडे जशी मी चोरी कराले सांगून राह्यली. म्हणे फीत बांधली आहे. पवनचे फोन येऊन राह्यले होते मयुरीले, आत्या कुठवर आल्या म्हणून.

एक वाजता पाहुणे आले. घाईत. त्यायचा तो त्या दिवसाचा तिसरा कार्यक्रम होता अन् पुढं चौथा होता. कोणी त्यायले सांगितलं नाई का हे काय आहे अन् त्यायनं विचारलं नाई. आपल्याकडे रीतच पडली आहे, स्टेजवर चढलं का पह्यले फोटोले हार. जो फोटो टेबलावर असन त्याले. त्यायनं भारतमातेले हार घातला. मंग दुसरा हार उचलला अन् माह्या वीरेंद्रले घातला. हात जोडले. फुलं वाह्यली. त्यायच्या मांगं सगळे एक-एक करून फुलं वाहाले लागले.

मयुरीनं माह्या हाताले असं धरलं का नखं रुतले. मी उठली.  अन् तेवढ्यात पाहुण्यायनं माईक घेतला अन् म्हणाले, "ऐसे वीर जवान की स्मृति में हम सब दो मिनट का मौन रखेंगे।"

सगळे उभे झाले. माना खाली. मी दुलीचंदकडे पाह्यलं. त्याले माहीत होतं ना. वीरेंद्रच्या लग्नाचा बस्ता त्याच्याच दुकानात बांधलता, अन् मोजे कोणासाठी ते मीच त्याले सांगितलं होतं. त्यानंबी माह्याकडे पाह्यलं, एक घडी पाह्यलं, अन् डोळे मिटून घेतले. पाहुणे बोलून चुकले, आता त्यायले कोण खोटं पाडन. माह्या पोराले मारलं तं चालते, पण पाहुण्याचा मान गेला नाई पाह्यजे.

असा राग आला मले. समोर घड्याळ होतं, एक वाजून बारा मिनटं. मंग डोक्यात लख्ख झालं का आता दोन मिनटं कोणी हलत नाई अन् कोणी बोलत नाई. मी सरळ स्टेजवर चढली. वीरेंद्रच्या फोटोचा हार काढला अन् टेबलावर टाकला. फोटो मयुरीच्या हातात देल्ला. खोका उचलला, फीतबीतसहित, अन् पायऱ्या उतरली. चप्पल फटफट वाजून राह्यली होती माही. एक-दोघायनं एका डोळ्यानं पाह्यलं, पण मौन चालू होतं ना, बोलन कसं? दुलीचंदच्या तोंडातून "मा..." एवढंच निघालं. आमी दारातून बाहेर पडलो तरी ते उभेच होते.

ऑटो केला. बस स्टँडवर पवन गाडीच्या दारात एक पाय ठेवून कंडक्टरसंग भांडत होता, दोन मिनट थांब म्हणून. खोका तिथंच जमिनीवर फाडला. वरतून काय निघालं? कॅलेंडरं. त्यायच्या मंडळाचे, पुढच्या वर्साचे, पाहुण्यायचा मोठा फोटो असलेले. त्याच्याखाली कागदाचे झेंडे. अन् सगळ्यात खाली माहे वीस जोड. त्यायचे दोन डझन नोहतेच. एक जोड नाई. आठ कमी होते ते कमीच राह्यले.

पवननं मोजे पिशवीत कोंबले. म्हणे, "आत्या, वीस भल्ले झाले, आमी वाटून घेऊ." मी त्याले हारा-बिराचं काही बोलली नाई, परवासाले निघालेल्या पोराले काय सांगाव. बस निघाली. मले वाटलं, झालं, सुटली मी.

कायची सुटते. कोणीतरी मौनाच्या आधी फोटो काढलता. हार घातलेला वीरेंद्र, पुढं फुलं, हात जोडलेले पाहुणे. तो फोटो मोबाइलवर फिरला. मयुरीचा मोबाइल संध्याकाळपासून वाजाले लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तं ओट्यावर बाया बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. मले पाहून रडाले लागल्या.

म्हणलं, "काय झालं तुमाले? माहा पोरगा जिता आहे."

त्या एकमेकीकडे पाहे अन् आणखीन रडे. एकीनं तं मयुरीले हळूच म्हणलं, सासूले धक्का बसला, तिले सांभाळ.

दुपारी तिरोड्याहून माहा भाऊ भोजराज आला, पांढरा रुमाल बांधून, संग गावचे दोन जण घेऊन. दारातच बसून हंबरडा फोडला. मी त्याले असं झाडलं का बापानंबी कधी झाडलं नसन. म्हणलं, उठ, भाच्याचं वाईट चिंतून राह्यला काय? तो डोळे पुसत म्हणे, "मैने, देव करो अन् तुह्यं खरं होवो. मंग फोन लाव ना त्याले. दोन शब्द ऐकव, मी चाललो जाईन."

तेच तं नोहतं माह्याजवळ. फोन लागत नोहता. पवन गाडीत, त्याचाबी बंद. मयुरी दर पाच मिनटायनं लावे अन् ती मशीनवाली बाई तेच ते बोले. दुलीचंदले फोन केला, म्हणलं ज्या ग्रुपवर फोटो टाकला त्या ग्रुपवर लिहा का चूक झाली. दोन तासानं लिहिलं त्यायनं. काय लिहिलं? "वीर जवान अभी जीवित हैं, कृपया धैर्य रखें।" ते वाचून तं लोक आणखीनच आले. अस्पतालात आहे म्हणे, शेवटच्या घटका मोजून राह्यला म्हणे.

त्या दोन दिवसात मी किती जणायसंग भांडली याचा हिशेब नाई. चहा करू करू थकली अन् भांडू भांडू थकली. दादाजी काठी टेकत, पोरायच्या आधारानं आले. त्यायले पाहून मी म्हणलं, तुमीबी? तं म्हणे, "मी रडाले नाई आलो, मैना. बसाले आलो." अन् बसले.

खरं सांगतो, भोजराज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेली अन् तो फोटो पाह्यला, मयुरीनं फळीवर ठेवलता. हाराच्या फुलाची एक पाकळी काचेले चिकटून होती. माह्या मनात आलं, का हे सगळे म्हणून राह्यले, मी एकटीच नाई म्हणून राह्यली, माहंच तं खोटं नाई? एवढ्या जणायनं त्याले मेला म्हणलं, त्याचं काही होऊन गेलं असन तं? ते मनात आलं ते कोणाले सांगितलं नाई मी. मयुरीलेबी नाई. बाहेर येऊन भोजराजवर आणखीन ओरडली.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मोबाइल वाजला. मयुरीनं उचलला अन् तिच्या हातातून पडता पडता राह्यला. मी हिसकला.

"माय, आयकू येते काय? खाली बर्फ जास्त पडला म्हणे, पवनले उशीर होईन. मोजे देल्ले ना त्याच्यापाशी?"

मी मोबाइल सरळ भोजराजच्या कानाले लावला. म्हणलं, "ऐक. रडाले आलता ना? आता हे ऐक." मंग ओट्यावरच्या बायायच्या कानाले लावला, एका-एकीच्या. तो पोरगा बिचारा हॅलो हॅलो करत राह्यला, माय, कोण आहे, कोण बोलून राह्यलं. शेवटी दादाजीच्या कानाले लावला. ते म्हणाले, "गमबुटातले आहे, ढिले झाले तं दोन घालजो." अन् तेवढ्यात फोन कटला. मी एक शब्द बोलली नाई त्याच्यासंग. माह्या वाट्याचं बोलणं सगळं लोकायच्या कानाले लावण्यात गेलं.

मंग सगळे हसले. भोजराजनं रुमाल सोडून खिशात घातला. चहा झाला, कोणी म्हणे आयुष्य वाढलं पोराचं, कोणी म्हणे असं झालं का माणूस शंभर वर्सं जगते. बाया आपापल्या घरी गेल्या. दादाजीले पोरायनं नेलं. मयुरी त्यायले पोचवाले गेली.

घरात कोणी राह्यलं नाई. मी दाराची कडी लावली, मोरीवर पाण्याचा नळ सोडला का आवाज बाहेर जाऊ नये, अन् तिथंच बसून रडली, भल्ली रडली.